अत्रीकडून न आलेले किरण

निवृत्त होऊन मी नाशिकला परत आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या हमीदाखाला गुडघ्याची फिल्म घेऊन दारात उभ्या राहिल्या. "नसीम, तू मुंबईत एक्स-रेमध्येच होतीस ना? बघ बरं, हाड किती झिजलंय." मी फिल्म खिडकीशी धरली आणि खरं ते सांगितलं. मला हाडांतलं काही कळत नाही, आम्ही ताऱ्यांचे एक्स-रे बघायचो. खालांनी फिल्म परत घेतली आणि विचारलं, "ताऱ्यांना काय दुखतं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर द्यायला मी त्या दिवशी बसले असते, तर खालांचा चहा थंड झाला असता. इथे जागा आहे, म्हणून सांगते.

आम्ही ताऱ्यांचे एक्स-रे काढत नव्हतो. हाडं दाखवणारे हे क्ष-किरण काही तारे आपणहून बाहेर टाकत असतात. सूर्यही टाकतो. ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली उकळत्या भाताच्या पातेल्यासारखी खळबळ चालू असते. तिच्यातून चुंबकी वादळं उठतात, ताऱ्याभोवतीचा विरळ वायू लाखो अंशांपर्यंत तापतो आणि त्यातून हे किरण निघतात. ते पकडायचे, मोजायचे आणि त्यावरून तो तारा आत कसा आहे हे ओळखायचं, एवढंच आमचं काम. अडचण अशी, की आपल्या डोक्यावरची हवा ते किरण गिळून टाकते. एकही खाली पोचत नाही. म्हणून कॅमेरा उपग्रहावर बसवून हवेच्या वर पाठवावा लागतो. एकदा पाठवला की तो परत येत नाही. बिघडला तर दुरुस्त करायला कुणी जात नाही. त्यामुळे जे काय करायचं ते खाली, हातात असेपर्यंत.

तो हातात असेपर्यंतचा भाग माझा होता.

माझे अब्बा जुन्या नाशकात भांड्यांना कलई करायचे. कथलाचा थर पातळ आणि सलग बसला पाहिजे, कुठेही उघडं तांबं राहता कामा नये. कलई झाली की ते भांडं उजेडाकडे तिरकं धरून एका डोळ्याने बघत. लहानपणी मीही शेजारी उभी राहून तसंच बघायची. डिप्लोमा करून मुंबईच्या संशोधन संस्थेत मुलाखतीला गेले, तेव्हा दाणीसरांनी मला पुस्तकातलं काहीच विचारलं नाही. चिमटा हातात दिला आणि टेबलावरचा एक पातळ पत्रा उचलून पलीकडे ठेवायला सांगितला. मी तो ठेवला आणि न विचारता म्हणाले, "सर, याच्या थराला इथे ओरखडा आहे." सरांनी तो पत्रा उजेडात धरला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "बाई, हा आम्ही तीन जणांनी तपासून पास केला होता," असं म्हणाले आणि मुलाखत संपली.

दाणीसर आमच्या गटाचे प्रमुख. बोलायला तुटक, पण हाताखालच्या माणसाच्या हाताची किंमत जाणणारे. पुढची कैक वर्षं मी त्यांच्या हाताखाली आरसे बसवले. क्ष-किरण सरळ समोरून आला तर आरशात घुसून नाहीसा होतो. अगदी तिरका, घासून गेला तरच वळतो. गोदावरीच्या पाण्यावर चपटा दगड तिरका फेकला की उड्या मारत जातो, तसा. म्हणून आमचे आरसे सोन्याचा थर दिलेल्या पातळ पत्र्यांचे, नळीसारखे वळवलेले, एकात एक बसवलेले. कापलेल्या कांद्यात जशी गोल कडी दिसतात, तशी ती दुर्बीण तोंडाकडून दिसायची. शेवटचं झाकण लागायच्या आधी मी तिच्यात वाकून पाहिलं होतं. आत सगळं सोनेरी होतं आणि माझा चेहरा शंभर ठिकाणी तुटून दिसत होता. त्या क्षणाचा माझ्याकडे फोटो नाही. त्या खोलीत मोबाइल न्यायची परवानगी नव्हती.

आरशांच्या खाली कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या पुढे फिल्टर. या गोष्टीत फिल्टर महत्त्वाचा आहे, म्हणून दोन वाक्यं जास्त. आमच्या कॅमेऱ्याला क्ष-किरण दिसत, तसा साधा उजेडही दिसे. ताऱ्याकडून क्ष-किरणाचा एक कण येतो तेवढ्यात साध्या उजेडाचे अब्जावधी येतात. तो उजेड अडवायला आणि क्ष-किरण जाऊ द्यायला एक पापुद्रा लावतात, वरून ॲल्युमिनियमचा थर दिलेला. एका केसाच्या जाडीत असे काहीशे पापुद्रे मावतील. फुंकर मारली तर फाटतो. निर्वात पेटीत हवा जरा घाईने सोडली म्हणून आमचे दोन फिल्टर माझ्या डोळ्यांदेखत फाटले. आवाजसुद्धा झाला नाही. होता, आणि मग नव्हता.

तिसरा टिकला. तोच वर गेला. तो चौकटीत बसवल्यावर मी अब्बांसारखा उजेडाकडे धरला आणि डाव्या कोपऱ्याजवळ मला एक छिद्र दिसलं. सुईचं टोक त्याच्यापुढे खांब वाटेल, इतकं बारीक. मी दाणीसरांना बोलावलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, हिशेब केला. आम्ही जे तारे बघणार ते बहुतेक फिके, कॅमेऱ्याच्या मध्यावर घेतले जाणार. कोपऱ्यातल्या छिद्राने काही बिघडणार नाही. आणि चौथा फिल्टर करायला वेळही नव्हता. "चालेल," सर म्हणाले. मी माझ्या वहीत लिहिलं, 'डावा वरचा कोपरा, एक छिद्र, चालेल,' आणि त्यांनी खाली सही केली. वरिष्ठांकडे गेलेल्या अहवालात फक्त 'फिल्टर समाधानकारक' एवढंच आलं.

उपग्रह वर गेला, कॅमेरा सुरू झाला, आणि आमच्या हातांना काम उरलं नाही. मला मग निरीक्षणांच्या टेबलावर बसवलं. देशभरातले शास्त्रज्ञ अर्ज करत, की अमुक तारा इतके तास बघा. समिती निवड करी आणि मी अर्जातल्या तांत्रिक बाबी तपासे. तारा फार तेजस्वी नाही ना, सूर्य जवळ नाही ना, त्याच्या आकाशातल्या जागेचे अंश-कला बरोबर आहेत ना. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांनी राहू-केतूचे क्ष-किरण मागितले होते, सोबत स्वतःची पत्रिका जोडून. एका मोठ्या प्राध्यापकांनी, तुमचा कॅमेरा बिघडलाय, माझा तारा दिसत नाही, म्हणून संचालकांपर्यंत तक्रार नेली. त्यांच्या अर्जात उणे चिन्ह राहून गेलं होतं. ते माझ्याही नजरेतून सुटलं. आम्ही दिवसभर आकाशाच्या भलत्याच अर्ध्या भागाकडे बघत बसलो होतो.

आणि निफाडहून रायतेसर अर्ज करत.

रायतेसर तिथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. तरुणपणी त्यांना पुण्यात संशोधनाची जागा मिळाली होती. वर्षभरात वडील गेले, घरची द्राक्षबाग बघायला कुणी नव्हतं, ते परत आले आणि राहिले. बाग चांगली चालली. कॉलेजही चाललं. पण त्या एका वर्षात मनात घेतलेला प्रश्न त्यांनी खाली ठेवला नाही. ताऱ्यांची एक जात पांढरी असते, सूर्याहून तापलेली, पण तिच्या पृष्ठभागाखाली ती खळबळ जवळजवळ नसते. पुस्तकाप्रमाणे अशा ताऱ्याकडून क्ष-किरण यायलाच नकोत. सर विचारत, "यायला नकोत की येतच नाहीत? बघितलंय का कुणी नीट?" त्यांनी निवडलेला तारा सप्तर्षींतला अत्री. सातांत सगळ्यात फिका. गावात उजेड वाढल्यापासून तोच आधी दिसेनासा होतो.

समितीने अर्ज दोनदा नाकारला. कारण दिलं, की काही सापडण्याची शक्यता नाही. दुसऱ्या नकारानंतर त्यांनी मला फोन केला. आवाजात तक्रार नव्हती.

"नसीमताई, अर्जात चूक कुठे होते ते सांगाल का? आमच्याकडे असे अर्ज कुणी भरलेले नाहीत. विचारायला माणूस नाही."

तसं सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं. तरी सांगितलं. किती तास हवेत, का हवेत, काही न दिसलं तरी त्यातून काय कळेल, हे आधी लिहा म्हटलं. तिसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला. अत्री आमच्या तेजाच्या मर्यादेत बसत होता, जेमतेम. मी तपासला आणि सही केली. त्या वेळी मला छिद्र आठवलं नाही. उपग्रहावरच्या दुसऱ्या एका यंत्राच्या सोयीसाठी दुर्बीण त्या दिवशी जरा बाजूला कललेली असणार आणि अत्री मध्यावर न येता डाव्या कोपऱ्याकडे येणार, हेही माझ्यासमोरच्या कागदावर होतं. सही माझीच आहे.

निरीक्षण झालं, नोंदी सरांना गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "ताई, ठिपका आहे. बरोबर अत्रीच्या जागी."

मलाही आनंद झाला. खोटं कशाला सांगू? निफाडच्या एका माणसाने, शनिवार-रविवार घरच्या संगणकावर बसून, ज्याला सगळे नाही म्हणत होते ते दाखवलं होतं. त्यांनी शोधनिबंध लिहायला घेतला आणि मसुदा मला पाठवला. यंत्राचं वर्णन तेवढं तपासा म्हणाले.

मी तो मसुदा दुपारी जेवणानंतर उघडला. पहिल्या पानावर अत्रीचा ठिपका होता, डाव्या वरच्या कोपऱ्यात. दुसऱ्या पानावर त्या कणांची ऊर्जा दिली होती. सगळे कण अगदी तळाला, कॅमेरा जिथे जेमतेम मोजू शकतो तिथे. खऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा पसरलेली असते, एका जागी साचून बसत नाही. साधा उजेड भरपूर आत शिरला, तर मात्र कॅमेरा फसतो आणि त्याला अशाच कमी ऊर्जेचे कण समजतो. मी कपाटातून माझी वही काढली. त्या पानापर्यंत पोचायच्या आधीच मला काय वाचायला मिळणार ते माहीत होतं.

यानंतरचे आठ दिवस मी कुणालाही काही बोलले नाही. स्वतःला सांगत राहिले, की आधी खात्री करते. खात्री पहिल्याच संध्याकाळी झाली होती. खरं कारण वेगळं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या कामात खोट निघाली नव्हती, आणि निघाली ती या माणसाच्या बाबतीत. शिवाय मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. ती नोंद फक्त माझ्या वहीत होती. त्या आठ दिवसांची मला आजही लाज वाटते. कारण आठव्या दिवशी माझ्या मोबाइलवर फोटो आले. कॉलेजच्या सभागृहात रायतेसर शाल-श्रीफळ घेऊन उभे, आणि निफाडच्या चौकात भलामोठा फ्लेक्स, 'अत्री ताऱ्याचे क्ष-किरण शोधणारे आपले रायतेसर'. फ्लेक्सवर सरांच्या चेहऱ्याभोवती सप्तर्षी काढले होते, एक तारा जास्त. सरांनी खाली लिहिलं होतं, 'मी नको म्हणत होतो. पोरांनी ऐकलं नाही.'

मी दाणीसरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन पुण्याला होते, कानाने अधू झाले होते. मोठ्याने सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "चालेल असं मीच म्हटलं होतं. माझी सही आहे ना खाली?"

"आहे, सर."

"मग समितीला दोघांचं नाव सांग. पण आधी त्या रायत्यांना सांग. फोनवर नको, जाऊन सांग."

शनिवारी मी नाशिकला आले, रविवारी सकाळी निफाडची बस धरली. डिसेंबर होता, निफाडची थंडी काय असते ते त्या बाजूच्या लोकांना सांगायला नको. सर बागेतच होते. कानटोपी घालून घडांची विरळणी करत होते. विरळणी म्हणजे दाटीने आलेले मणी बारीक कात्रीने काढून टाकायचे, उरलेल्यांना फुगायला जागा मिळावी म्हणून. मला बघून त्यांना फार आनंद झाला.

"अभिनंदनाला एवढ्या लांबून आलात, ताई."

"नाही सर. मी दुसरंच सांगायला आलेय."

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. छिद्राचं सांगितलं, दुर्बीण कलल्याचं सांगितलं, माझ्या सहीचं सांगितलं, आणि गेल्या आठ दिवसांचंही सांगितलं. सर ऐकत होते आणि हातातली कात्री चालूच होती. मग ती थांबली.

"केवढं आहे छिद्र?"

"सुईच्या टोकाच्या दहाव्या हिश्श्याएवढं असेल."

"एवढ्यातून," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, "एवढ्यातून."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, अलकावहिनी, चहा घेऊन आल्या. "बरं झालं आलात ताई. यांना लय दिवसांनी असं खुशीत बघतेय मी. रात्री उठून कागद बघत बसतात."

सर म्हणाले, "अगं, आपल्याला दिसलं ते क्ष-किरण नव्हते. साधा उजेड होता."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "पण अत्रीचाच ना?"

"अत्रीचाच."

"मंग?"

"तो उजेड सगळ्यांनाच दिसतो अलका. त्याला उपग्रह कशाला लागतो?" सर हसले. हसू चेहऱ्यावर थोडा वेळ राहिलं आणि मग त्यांनी कानटोपी काढून तोंड पुसलं. वहिनी चहाचे कप हातात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही चहा घ्या. गार होईल." मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी निघताना सरांनी एकच विचारलं. "तारा मध्यावर घेऊन पुन्हा बघता येईल? उजेड असेल तर ठिपका जाईल. क्ष-किरण असतील तर राहील."

"येईल. पण समितीकडे पुन्हा मागावं लागेल. आणि कारण सांगावं लागेल."

"कारण मी सांगतो."

"नाही सर," मी म्हटलं. "ते मी सांगते."

त्या आठवड्यात सरांनी निबंध थांबवला. सोमवारी वर्गात जाऊन मुलांना सगळं सांगितलं आणि फळ्यावर फिल्टरची आकृती काढून छिद्र दाखवलं. फ्लेक्स मुलांनीच उतरवला. गावात काही दिवस थट्टा झाली असणार. त्याबद्दल सर कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

समितीच्या बैठकीत मी नेहमी भिंतीकडच्या खुर्चीत असायची. कुणी विचारलं तर आकडा सांगायचा, नाहीतर गप्प बसायचं. त्या दिवशी मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि वही सगळ्यांसमोर ठेवली. "हे छिद्र माझ्या हातचं आहे," मी सांगितलं. "नोंद केली होती, पण अर्ज तपासताना मला ती आठवली नाही." अध्यक्षांनी विचारलं, की ही गोष्ट अहवालात का नव्हती. दाणीसरांचं पत्र मी सोबत आणलं होतं, ते वाचलं. बराच वेळ चर्चा झाली. एक जण म्हणाले, जिथे काही नाही तिथे पुन्हा कशाला बघायचं? दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, आता तर बघायलाच पाहिजे, नाहीतर या कॅमेऱ्याच्या कुठल्याच तेजस्वी ताऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? शेवटी वेळ मिळाला, मागितला त्याहून जास्तच.

त्या निरीक्षणाला रायतेसर मुंबईला आले. येताना वहिनींनी दिलेली द्राक्षांची पेटी आणली होती, ती आमच्या सगळ्या मजल्याने खाल्ली. नोंदी तुकड्यातुकड्यांनी खाली येत. उपग्रह पृथ्वीला एक फेरी मारून आमच्या अँटेनावरून जाई तेव्हा मागच्या फेरीचं देऊन जाई. अत्री या वेळी बरोबर मध्यावर होता. मी पडद्यावर त्याच्या जागी एक वर्तुळ काढून ठेवलं होतं. प्रत्येक खेपेला आम्ही दोघं वाकून त्या वर्तुळात बघायचो. रिकाम्या आकाशाकडून जे इकडचे-तिकडचे कण येतात, तेवढे येत होते. वर्तुळात जितके, वर्तुळाबाहेर तितकेच.

ठिपका नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या खेपेनंतर मला पडदा बंद करावासा वाटला. सर म्हणाले, "राहू द्या, ताई. सगळा वेळ संपेपर्यंत बघू. त्याच्या बाजूने कमी पडायला नको." त्याच्या बाजूने म्हणजे अत्रीच्या. तो माणूस दीड दिवस त्या रिकाम्या वर्तुळापुढे बसला होता. मधे फक्त जेवायला उठला. कुणी नातेवाईक दवाखान्यात असावा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहावं, तसा. शेवटची नोंद आली, बेरीज केली, आणि आम्ही दोघं कँटीनला गेलो.

आमच्या धंद्यात काही सापडलं नाही, असं म्हणून सोडून देत नाहीत. मर्यादा लिहितात. क्ष-किरण असलेच, तर अमुक इतक्याहून कमी असले पाहिजेत, जास्त असते तर आम्हाला दिसले असते, अशी. जितका जास्त वेळ बघाल, तितकी ती मर्यादा खाली जाते. सरांनी तसा निबंध लिहिला. पाच पानांचा. त्यात छिद्राची हकिकत होती, आधीचा खोटा ठिपका चित्रासकट होता, आणि शेवटी मर्यादा. छापून आल्यावर त्यांनी मला प्रत पाठवली. वर दोन नावं होती. पहिलं त्यांचं, दुसरं माझं. इतक्या वर्षांत कितीतरी निबंधांच्या शेवटी, आभाराच्या ओळीत माझं नाव आलं होतं, कधी चुकीच्या स्पेलिंगसकट. वरच्या ओळीत ते पहिल्यांदा आलं, आणि तो निबंध सांगत होता, की आम्हाला काही दिसलं नाही आणि फिल्टरला छिद्र होतं. मी तो कितीदा वाचला ते सांगत नाही. अब्बा तोपर्यंत गेले होते. दाणीसरांना मी फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "मर्यादा चांगली खाली नेलीत." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

तो निबंध कुणी विशेष वाचला नाही. पण त्यानंतर आमच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या प्रत्येक तेजस्वी ताऱ्याची नोंद पुन्हा तपासली गेली, आणि कोपऱ्यात आलेले आणखी दोन ठिपके खोटे निघाले. ते ज्यांचे होते त्यांना कळवायचं काम मी मागून घेतलं. एकाने आभार मानले. दुसऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

मी निवृत्त झाले, आणि त्याच्या काही महिन्यांनी कॅमेराही. थंड ठेवणारी यंत्रणा थकली होती, चित्रात नुसती वाळू सांडल्यासारखं दिसू लागलं होतं. बंद करायच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या मुलीने मला नाशिकला फोन केला. "मॅडम, शेवटची आज्ञा आता पाठवतोय. तुम्ही लाइनवर राहता का?" मी स्वयंपाकघरात उभी होते. भावाची सून भाकरी करत होती. पलीकडून आकडे वाचल्याचा आवाज आला, मग ती मुलगी म्हणाली, "गेली, मॅडम." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सुनेने विचारलं, "कोण गेलं?"

रायतेसरांची अजून चिकाटी सुटलेली नाही. परदेशांनी अवकाशात पाठवलेल्या मोठ्या दुर्बिणींसाठी अर्ज करतात. मसुदा माझ्याकडे येतो, मी उणे-अधिक चिन्हं तपासून परत पाठवते. आतापर्यंत सगळीकडून नकार आला. अत्रीसाठी याहून मोठे आरसे लागतील, बरेच मोठे, आणि ते आम्हा दोघांच्या हयातीत वर जातील असं मला वाटत नाही. सरांनाही वाटत नसावं. तसं ते म्हणत नाहीत.

दर उन्हाळ्यात, द्राक्षांचं काम आवरलं की ते मला निफाडला बोलावतात. सूर्य मावळून उजेड जरा कमी झाला की आम्ही त्यांच्या गच्चीवर जातो. वहिनी येतात, आसपासची, कॉलेजातली चार-सहा मुलं येतात. सप्तर्षी वर आलेले असतात. सर अत्री दाखवतात, तो लगेच सापडत नाही, मग एकेक जण "दिसला, दिसला" म्हणत जातो. यंदा एका मुलीने त्यांना विचारलं, "सर, म्हणजे त्याच्याकडे क्ष-किरण नाहीतच ना?" सर म्हणाले, "तसं आम्हाला सांगता आलं नाही. असलेच तर आम्हाला दिसतील इतके नाहीत, एवढंच सांगता आलं." मुलीचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिने पुन्हा वर पाहिलं.

मी मात्र त्या वेळी दुसऱ्या कठड्याशी असते. आमचा उपग्रह विषुववृत्ताच्या जवळून फिरतो. तो नाशिकवरून कधी जात नाही. दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडंसं वरून, काही मिनिटांत ओलांडून जातो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा बंद असला तरी आरसे तसेच आहेत, मी बसवले तसे, आणि तो फिल्टरही. त्या दिवसाची वेळ मी आधीच काढून ठेवलेली असते. गच्चीवरची सगळी माणसं उत्तरेकडे तोंड करून अत्री शोधत असतात, तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून दक्षिणेकडे बघत उभी असते.